एमएसडब्ल्यू कुठून करू? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार, मी सोलापूरला विडी घरकुलमधे राहते, यंदा बीए झालं समाजशास्त्र घेऊन. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री, करायचीय हे नक्की आहे पण कुठून ते काही ठरत नाहीये. मैत्रीण म्हणते केलं तर टिसमधूनच (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) कर नाहीतर करूच नको, मावशी म्हणते पुण्याला कर्वेला जा, आणि घरचे म्हणतात इथं वालचंद कॉलेजला आहे की, रिक्षानं जाऊन येऊन होतं मग बाहेर कशाला. आई विड्या वळते, पप्पा आधी पॉवरलूमवर होते आता वॉचमन आहेत. इंग्रजी वाचलेलं कळतं पण बोलताना अडखळते, घरात आम्ही तेलुगू बोलतो. कॉलेजचं नाव बघूनच ठरवायचं असतं का? आणि सोलापुरातूनच केलं तर पुढं नोकरीला किंमत राहील का?
(विडी घरकुल, सोलापूर)

उत्तर: तुझ्या पत्रात सगळ्यांची मतं आली, पण तिथं फिल्डवर्क कसं होतं हे कुणीच विचारलेलं दिसत नाही. आणि मी इतकी वर्षं या क्षेत्रात राहून, मुलामुलींना शिकताना बघून सांगते, एमएसडब्ल्यूला कॉलेज निवडणं म्हणजे फिल्डवर्क निवडणं. बाकी बिल्डिंग, लायब्ररी, लेक्चर सगळं त्यानंतर.

फिल्डवर्क म्हणजे काय ते आधी नीट समजून घे कारण बीएत हे नसतं. दोन वर्षं, चार सेमिस्टर, आणि साधारण प्रत्येक आठवड्यातले दोन दिवस तू वर्गात नसतेस, कुठल्यातरी संस्थेत, दवाखान्यात, शाळेत नाहीतर वस्तीत असतेस. तिथं जे केलं ते लिहून काढायचं, त्याला रेकॉर्डिंग म्हणतात, ते सुपरवायझर मॅडम किंवा सरांना द्यायचं आणि मग त्यांच्यासमोर एकटीनं बसून त्यावर बोलायचं, त्याला आयसी म्हणतात. शिवाय ग्रामीण शिबिर असतं आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी महिनाभराचं ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग काम. सगळा कोर्स यावर उभा आहे, आणि कॉलेजाकॉलेजात खरा फरक पडतो तो इथंच.

आता हेच बघ. एक मुलगी वस्तीत एका बाईला भेटून आली आणि वहीत लिहिलं, ‘त्यांना शिक्षणाचं महत्त्व समजावून सांगितलं.’ एक सुपरवायझर खाली सही करून वही परत देतो. दुसऱ्या एक सुपरवायझर बाई लाल पेनानं शेजारी लिहितात, ‘तू नक्की काय बोललीस? त्या काय म्हणाल्या? तेव्हा त्या काय करत होत्या?’ मग मुलीला आठवतं की त्या बाईचे हात थांबलेच नव्हते, मांडीवर सूप, त्यात पाला न तंबाखू, आणि त्या फक्त हो हो म्हणत होत्या कारण संध्याकाळच्या आत विड्या मोजून द्यायच्या होत्या. मग पुढच्या खेपेला ती मुलगी वेळ बदलून जाते, आधी ऐकते, आणि तेव्हा कळतं की पोरगी शाळेत का जात नाही, कारण धाकट्याला सांभाळायला घरात दुसरं कुणीच नाही. समाजकार्य शिकणं म्हणतात ते हे. त्या लाल पेनवाल्या बाई ज्या कॉलेजात आहेत ते कॉलेज चांगलं, मग ते मुंबईत असो नाहीतर सोलापुरात.

आता नावांकडे येऊ. टिसचं नाव उगाच मोठं नाहीये, देशातलं समाजकार्याचं पहिलं कॉलेज ते, १९३६ ला मुंबईत सुरू झालं, १९६४ पासून अभिमत विद्यापीठ आहे. अडचणीतल्या मुलांसाठीची हेल्पलाइन चाइल्डलाइन १०९८, तिची सुरुवात तिथूनच झाली १९९६ ला, आणि पोलिसांसोबत बसून हिंसाचार सोसणाऱ्या बायकांना मदत करणारा स्पेशल सेल, तोही १९८४ ला टिसनंच मुंबईत सुरू केला आणि पुढं महाराष्ट्रभर गेला. म्हणजे तिथं काम करता करता शिकवतात. पण दोन गोष्टी लक्षात घे. शिकवणं सगळं इंग्रजीत, आणि मास्टर्सचा प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, जी साधारण मार्चमधे होते आणि फॉर्म त्याच्या दोन तीन महिने आधीच निघतात. तू यंदा ती दिली नसशील तर यंदाचा विषय तिथंच संपला, मैत्रीण काही म्हणो. आणि हे सोलापुरात किती जणांच्या ध्यानात येत नाही बघ, टिसचा एक कॅम्पस तुळजापूरला आहे, आपल्यापासून ४५ किलोमीटरच्या आसपास, ग्रामीण विकासावर भर असलेला. देवीला जाताना आपण त्याच रस्त्यानं जातो. शेती, पाणी, ऊसतोड, गावातलं राजकारण याची आवड असेल तर मुंबईपेक्षा तुळजापूर बघ असंच मी म्हणेन.

पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची, जुनी आणि चांगली. मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ चं, त्यांच्या फिल्डवर्कच्या शिस्तीबद्दल मी कायम चांगलंच ऐकलंय. कोल्हापूरला सायबर नावाची संस्था आहे तिथंही एमएसडब्ल्यू आहे. या सगळ्या ठिकाणी शिकायला मिळेल यात शंका नाही, प्रश्न फक्त राहण्याखाण्याच्या खर्चाचा. फी एकवेळ स्कॉलरशिपमधून निघते, पण पुण्यात दर महिन्याला रूम, मेस आणि वर फिल्डवर्कला जायचा बसचा खर्च दोन वर्षं कोण देणार हे आईवडिलांसोबत बसून कागदावर मांड. फिल्डवर्कच्या प्रवासाचा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत आणि मग पहिल्याच सेमिस्टरला पोरं दांड्या मारायला लागतात.

आणि आता वालचंद. घरचे म्हणतात जवळ आहे म्हणून, मी म्हणते जवळ आहे हे कारण पुरेसं नाही पण सोलापूर आहे हे कारण फार मोठं आहे. विडी कामगार इथं, यंत्रमाग इथं, बंद पडलेल्या गिरण्यांच्या चाळी इथं. सेटलमेंट ही वस्ती इथं, जिथं इंग्रजांनी माणसांना जन्मानं गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं आणि ते कुंपण स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी, १९५२ ला तुटलं. सिव्हिल हॉस्पिटलला अक्कलकोटचाच नाही तर कर्नाटकातून आलेला पेशंट असतो, धाराशिवचा असतो, एक कन्नड बोलतो एक मराठी, आणि शेजारच्या कॉटवरची आजी फक्त तेलुगू. अशा ठिकाणी तुला तेलुगू येतं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तुला अजून कळलेलं नाहीये. तू इंग्रजी बोलताना अडखळतेस हे पत्रात लिहिलंस, पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका तुझ्याशी मोकळं बोलतील आणि पुण्यामुंबईहून शिकून आलेल्या मुलीला आधी मधे कुणीतरी दुभाषी घ्यावा लागेल, हे लिहिलं नाहीस. तुझ्या अर्जात, मुलाखतीत हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. यंदा वालचंदला प्रवेशाची चौकशी कर, पण डोळे उघडे ठेवून. आत्ता दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोघी तिघींना गाठ, ऑफिसमधे नको कॅन्टीनपाशी गाठ, आणि त्यांना विचार की तुम्हाला फिल्डवर्कला कुठं कुठं प्लेसमेंट मिळालं, दोन्ही वर्षं एकाच जागी बसवलं का बदललं, आयसी खरंच दर आठवड्याला होते का नुसत्या सह्या होतात, एका सरांकडं किती मुलं असतात, आणि तुमची मागची बॅच आज कुठं काम करतेय. जमलं तर कुणाची तरी रेकॉर्डिंगची वही मागून बघ. वहीत लाल शाई दिसली तर बिनधास्त घे प्रवेश. आणि हेच प्रश्न कर्वेला किंवा कोल्हापूरला जायचं ठरवलंस तरी विचारायचे, नाव मोठं आहे म्हणून सोडायचे नाहीत. उत्तरं समाधानाची नसतील आणि मन टिसकडंच ओढत असेल तर एक वर्ष एखाद्या संस्थेत काम कर, सीयूईटीची तयारी कर आणि तुळजापूरचा फॉर्म भर. ते वर्ष वाया जात नाही, आधी काम केलेल्या मुलांना वर्गात बसल्यावर सगळं लवकर कळतं.

नोकरीचं विचारलंस. डॉक्टर वकिलांसारखी समाजकार्याची वेगळी कौन्सिल आपल्याकडं नाही, त्यामुळं बहुतेक जागांना नोंदणीचा नंबर वगैरे लागत नाही, डिग्री मान्यताप्राप्त विद्यापीठाची असली की चालतं. वालचंद आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाला जोडलेलं, त्यामुळं तो प्रश्न नाही. सरकारी दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, कुटुंब न्यायालयातले समुपदेशक, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, कंपन्यांचं सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा विभाग, संस्था, अशा ठिकाणी एमएसडब्ल्यूवाले लागतात. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार कमीच असतो, हे तुला आणि घरच्यांनाही आधीच माहीत असू दे. शिकवायचं मनात असेल तर नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, दोन्हीला समाजकार्य हा विषय आहे. मानसिक आरोग्यात जायचं असेल तर मात्र एमएसडब्ल्यूवर भागत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करला (मनोरुग्णांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता) त्यापुढं दोन वर्षांचा पूर्णवेळ एमफिल धरलेला आहे, त्यामुळं ते डोक्यात असेल तर आत्ताच सांगून मेडिकलचं प्लेसमेंट मागून घे.

पैशाचं एक राहिलं. आईकडं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर ते शोधून ठेव. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरावा लागतो. राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर असतात, तिथंही बघ, फक्त कुठली घेतली तर कुठली मिळत नाही ते कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला आधी विचार. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आत्ताच काढायला टाक, प्रवेशाच्या दिवसांत सेतूमधे उभं राहायला जागा नसते.

प्रश्न: माझा मुलगा बारावी सायन्स झाला, नीटला मार्क कमी पडले. आता म्हणतो बीएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदवी) करतो. नातेवाईक विचारतात याला पुढं काय भविष्य. करू द्यावं का? का आधी साधी डिग्री करून मग एमएसडब्ल्यू बरं?
(एक पालक, बार्शी)

उत्तर: दादा, एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळं बीएसडब्ल्यू केलंच पाहिजे असं काही नाही. पण मुलगा नीट हुकली म्हणून म्हणतोय का मनापासून म्हणतोय एवढं तुम्ही शांतपणे बघा. या सुट्टीत त्याला बार्शीतल्याच एखाद्या संस्थेत, वसतिगृहात, नाहीतर दवाखान्यात मदतीला पाठवा आणि रोज संध्याकाळी काय बघितलंस एवढंच विचारा. चार आठवड्यांनी तो स्वतःहून बोलत असेल, चिडत असेल, अमक्या पेशंटचं काय झालं म्हणून फोन करत असेल तर खुशाल बीएसडब्ल्यू करू द्या, लवकर फिल्डवर जाणारी मुलं चांगली तयार होतात. कंटाळला असेल तर बीए किंवा बीएस्सी करू द्या, एमएसडब्ल्यूचा रस्ता तीन वर्षांनीही मोकळाच आहे. आणि नातेवाइकांना सांगा की दवाखान्यात गेल्यावर योजनेचे कागद करून देणारा जो माणूस आपण शोधत फिरतो ना, तोच हे शिकलेला असतो.

प्रश्न: मी ३४ वर्षांची, आशा म्हणून काम करते, दोन मुलं आहेत. घरी राहून बाहेरून एमएसडब्ल्यू करता येईल का? बीए झालेलं आहे.
(मंगळवेढा)

उत्तर: येईल ताई, इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमएसडब्ल्यू आहे. पण बाहेरून म्हणजे नुसती पुस्तकं वाचून परीक्षा असं समजू नका, त्यातही फिल्डवर्क करावंच लागतं आणि त्याचा अहवाल द्यावा लागतो. म्हणून फी भरायच्या आधी जवळचं अभ्यासकेंद्र हा कोर्स खरंच चालवतं का आणि फिल्डवर्कला सुपरवायझर कोण देणार हे फोन करून नाही, जाऊन विचारा. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाचा एजंट सहा महिन्यात डिग्री देतो म्हणाला तर तिथून उठा, आणि दूरशिक्षणाचा कुठलाही कोर्स घेताना यूजीसीच्या साईटवर मान्यता बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तुमच्याकडं गावातल्या घराघरातली माहिती आहे, गरोदर बाईला रात्री दवाखान्यात नेलेलं आहे, ते अनुभव रोज दोन ओळी का होईना वहीत लिहायला आजपासूनच लागा. प्रवेश मिळाल्यावर रेकॉर्डिंगला हीच सवय लागते, आणि काम तर तुम्ही करताच आहात.