‘कंत्राट’, ‘संविदा’ की ‘करार’?

अमेरिकेतील शिक्षकांच्या संपाविषयी मराठीत लिहिताना शिक्षक संघटना आणि शाळा मंडळ यांच्यातील ‘कॉन्ट्रॅक्ट’ला कंत्राट म्हणावे की संविदा, आणि पगार वाढण्याला ‘वेतनवाढ’ हा शब्द पुरेसा आहे का, असे इंदूरच्या एका वाचकांनी विचारले आहे.

माझ्या मते तेथे ‘सामूहिक करार’ असे लिहावे. ‘कंत्राट’ मराठीत ठेकेदारीशी जोडले गेले आहे. ‘कंत्राटी शिक्षक’ म्हटले की मुदतीची, बेभरवशाची नोकरी डोळ्यांसमोर येते. संघटनेने वाटाघाटी करून मिळवलेला करार नेमका याच्या उलट असतो, कारण तो शिक्षकाला संरक्षण देतो. एकाच इंग्रजी शब्दाचे हे दोन अर्थ मराठीने वेगळे ठेवले आहेत आणि ते तसेच राहावेत, असे मला मनापासून वाटते.

‘संविदा’ हा कायद्याच्या भाषेतील शुद्ध शब्द आहे. १८७२च्या भारतीय संविदा अधिनियमाच्या नावातच तो आहे. तरीही इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी वाचकासाठी तो मी टाळेन. मध्य प्रदेशात आधी शिक्षाकर्मी, मग संविदा शाला शिक्षक, मग अध्यापक संवर्ग अशी नावे बदलत गेली आणि २०१८मध्ये अध्यापकांना शालेय शिक्षण विभागाच्या सेवेत घेण्याचा निर्णय झाला. ज्यांच्या घरातील कोणी तुटपुंज्या वेतनावर त्या पदांवर राबले आहे, त्यांना ‘संविदा’ हा शब्द कायमस्वरूपी नोकरी नाकारणाराच वाटणार.

आपल्याकडे शिक्षकांच्या बाबतीत ‘सामूहिक करार’ फारसा ऐकू येत नाही, याला कारण आहे. सरकारी शिक्षकांचे वेतन वेतन आयोगाच्या शिफारशींवर आणि शासनाच्या आदेशावर ठरते. शिवाय शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचे ‘कामगार’ नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये ठरवले. बँकांची गोष्ट वेगळी आहे. तेथे कर्मचारी संघटना आणि बँक व्यवस्थापनांची संघटना यांच्यात द्विपक्षीय करार होतो (मार्च २०२४मध्ये असा बारावा करार झाला), त्यामुळे बँकेत नोकरी केलेल्या वाचकाला अमेरिकेतील शिक्षकांची व्यवस्था चटकन समजेल. ‘वेतन करार’ हा एसटी कामगारांच्या तोंडचा शब्दही चांगला आहे, पण येथे तो अपुरा पडतो: शिकागोच्या शिक्षकांचा २०१९चा संप पगाराइतकाच वर्गातील विद्यार्थीसंख्येसाठी आणि शाळांत परिचारिका असाव्यात यासाठीही होता.

‘वेतनवाढ’बद्दल थोडी सावधगिरी हवी. सरकारी नोकरीत त्याचा पहिला अर्थ वार्षिक वेतनवाढ असा होतो; सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत ती सुमारे ३ टक्के असते आणि मागावी लागत नाही. अमेरिकेतील अनेक शाळा मंडळांतही सेवेच्या वर्षांनुसार पायरीपायरीने वाढणारे वेतन असते, आणि वाद बहुधा त्याहून निराळ्या, सर्वांना लागू होणाऱ्या वाढीवर होतो. त्या वाढीला ‘सरसकट पगारवाढ’ म्हणावे. वेस्ट व्हर्जिनियात २०१८च्या संपानंतर शिक्षकांना मिळालेली ५ टक्के वाढ अशीच होती. मात्र ती राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून दिली, कारण तेथे शिक्षक संघटनांशी सामूहिक करार करण्याची पद्धत नाही. म्हणून त्या बातमीत ‘करार’ हा शब्दही वापरू नये. ‘विधिमंडळाने मंजूर केलेली पगारवाढ’ असेच लिहावे.