बेसबॉलच्या स्विंगमध्ये मागचा पाय आणि कंबर नेमकी कशी फिरवायची?

तुम्ही लिहिलंय की लेक नववीत आहे, देवगडला शाळेच्या बेसबॉल संघात उजव्या हाताने बॅटिंग करते, सरांनी सांगितल्याप्रमाणे मागचा पाय गरकन फिरवते, तरी चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या खेळाडूच्या) पुढे जात नाही. मी कॉलेजात पाच वर्षं बेसबॉल खेळलो आणि त्यातली तीन याच चुकीत घालवली, म्हणून उत्तर देतो.

आमच्या सरांचं एकच सांगणं असायचं, "बिडी विझव." मागच्या पायाचा चवडा रोवायचा आणि टाच कॅचरच्या, म्हणजे बॅटरच्या मागे बसणाऱ्या खेळाडूच्या बाजूला ढकलायची. अमेरिकेतही अनेक वर्षं असंच शिकवत, फक्त तिकडे बिडीच्या जागी चिरडायला किडा असायचा. सांगणं अगदीच खोटं नव्हतं. फटका नीट बसतो तेव्हा टाच उचललेली असते आणि बुटाच्या नाड्या पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे बघत असतात. पण टाच उठते ती खुबा फिरला म्हणून. आम्ही नुसती टाच फिरवायचो आणि बाकीचं शरीर मागेच बसलेलं. वजन मागच्या पायावर, बॅटचं टोक खाली, चेंडू एकतर आकाशात नाहीतर डाव्या बाजूला फाऊल, म्हणजे रेषेबाहेर.

दुसरा घोटाळा आपल्या भाषेचा. आपण सरसकट "कंबर फिरव" म्हणतो. पोरगी मग खरोखरच कंबर, म्हणजे पोटामागचा मणका पिळायला जाते. तो भाग मुळात फारच थोडा फिरतो. जास्त पिळला तर पाठ तेवढी धरते. फिरायचं असतं ते खुब्यात, मांडीचं हाड जिथे ओटीपोटाच्या हाडात बसतं तिथे. तिला सांगा, "उजव्या खिशातला रुमाल पिचरला दाखव." मणक्याचं नाव काढू नका.

क्रम असा: पुढचा, म्हणजे डावा पाय हलकेच टेकतो, गुडघा जरा वाकलेला. वजन मागच्या पायाच्या आतल्या कडेवरून, आंगठ्याच्या बाजूने पुढे निघतं. मागचा गुडघा आत आणि पुढे येतो, त्याच्याबरोबर खुबा. याच वेळी डावा पाय ताठ होत जातो आणि पुढे निघालेल्या शरीराला अडवतो. ही अडवणूक मिळाली की पुढचं जाणं गोल फिरण्यात बदलतं. खांदे खुब्याच्या किंचित मागे राहतात, हात त्यांच्याही मागे, बॅट सगळ्यांत शेवटी. १९४१ च्या मोसमात .४०६ च्या बॅटिंग सरासरीने खेळलेला अमेरिकेचा टेड विल्यम्स हातांच्या आधी खुबा, हेच सांगायचा. आणि ५२१ होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे फटके) मारणाऱ्या, तिकडच्याच फ्रँक थॉमसचे जुने व्हिडिओ बघा, फटक्याच्या वेळी त्याचा मागचा पाय चक्क जमिनीवरून सुटतो. जो पाय हवेत आहे तो बिडी कुठली विझवणार! मात्र लेकीला पाय मुद्दाम उचलायला लावू नका, नाहीतर एका खुळातून दुसऱ्यात.

आमच्या शेजारचे भाऊ खाडीत पाग टाकतात. एकदा त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. जाळं हातावर घेतात, मागे वळतात, मग पुढचा पाय चिखलात घट्ट होतो, खुबा फिरतो आणि जाळं सुटतं. मागची टाच आपोआप वर. त्यांना विचारलं तर म्हणाले, "टाच? ती उठते होय?"

आता तुमच्याकडे देवगडला किनारा आहे, तो वापरा. मी गुहागरच्या किनाऱ्यावर मुलांना हेच करायला लावतो. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते तिथे तिला अनवाणी उभी करा. चेंडू नको. निम्म्या वेगाने एक स्विंग, मग पाय न हलवता थांबायचं आणि अलगद बाजूला व्हायचं. मागच्या पायाचा ठसा वाचायचा. चवड्याखाली गिरमिट फिरवल्यासारखा गोल खड्डा आणि टाचेने काढलेली कमान दिसली तर ती जागच्या जागी फिरतेय, वजन पुढे गेलेलंच नाही. अख्खा पाऊलठसा जसाच्या तसा उरला असेल तर खुबा बंद, नुसत्या हातांनी मारतेय. आपल्याला हवा तो ठसा असा: आंगठ्याच्या बाजूला खोल, करंगळीच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, टाच पुसट आणि चवड्यापासून पिचरच्या दिशेने दोन-चार बोटं लांब ओढलेली चर. ती चर म्हणजे खुब्याने पाय ओढत नेल्याची खूण. आमच्यातल्या एका मुलाची चर पहिल्या बेसकडे जायची. तो वजन पुढे न नेता मागे झुकून फिरत होता. वाळूतला ठसा बघितला नसता तर मला ते डोळ्याने कळलं नसतं. मात्र कोरड्या भुसभुशीत वाळूत हे करू नका, पाय रुततो. आणि जोराचा सराव वाळूत नकोच, तो मैदानावर.

ठसा सुधारला की टी, म्हणजे चेंडू वर ठेवून मारायचा उभा दांडा. पीव्हीसी पाइपच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट बसवला की झाला, विकत कशाला आणायचा. डावा पाय आधीच पुढे टेकवून उभं राहायचं, स्ट्राइड (पुढे टाकायचं पाऊल) नाही, आणि फक्त मागचा गुडघा-खुबा आत नेऊन मारायचं. दहा-बारा फटके, मग विश्रांती. आधी टेनिस बॉल चालेल.

आपल्या पोरांची एक सवय मात्र इथे नडते: टेनिस क्रिकेटमधला मिडविकेटवरचा सिक्स. कातळावरच्या मैदानात मागचा गुडघा मुडपून, मागे कलून उचललेला तो फटका. तिथे चेंडू बहुतेक टप्पा पडून येतो, इथे थेट हवेतून. मोठ्यांच्या मैदानात पिचर १८.४४ मीटरवर असतो. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू साधारण ०.६ सेकंदात पोचतो. मागे कलायला वेळच नाही.

आणखी एक, हे सर सांगत नाहीत: प्रत्येक चेंडूला खुबा सारखाच उघडायचा नाही. अंगाजवळच्या चेंडूला पूर्ण उघडायचा, बाहेरच्या चेंडूला जरा कमी, नाहीतर बॅट पोचण्याआधीच अंग डावीकडे निघून गेलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून तिचं बाहेरच्या चेंडूवर हेच होत असावं.

पुढच्या ओहोटीला उजव्या पायाच्या ठशाचा फोटो टाका, पिचरची दिशा वाळूवर बाण काढून दाखवा. तिचा चेहरा नको, ठसा पुरे.