ज्यूंची ‘मशीद’: चूक कोणाची?

एका वाचकाने विचारले आहे की ‘सिनेगॉग’ हा शब्द मराठीत कोणत्या लिंगी चालवावा, आणि बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील जुनी माणसे आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हणत, ती त्यांची चूक समजावी काय.

‘ते सिनेगॉग’ असे लिहावे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझी जुनी जखम उघडी पडते. शनिवारी सकाळी पांढरे पातळ नेसून, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी असलेल्या डबीला, लावलेली बोटे ओठांशी नेत माझी आजी ‘मशिदीत जाऊन येते’ म्हणे, आणि शिकलेले नातेवाईक तिला लगेच दुरुस्त करीत. ‘मशीद मुसलमानांची, आपले सिनेगॉग’ ही दुरुस्ती मी आजही ऐकतो आणि ती मला आजही खटकते.

ज्या ‘सिनेगॉग’साठी आजीला गप्प केले, तो शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ केवळ ‘एकत्र येणे’ असा होतो. हिब्रूत ‘बेत क्नेसेत’, म्हणजे जमण्याचे घर, असे म्हणतात. ‘मशीद’ मराठीत अरबी-फारसीतून आली आणि आमच्या पूर्वजांनी ती कोकणातल्या शेजाऱ्यांकडून उचलली, हे मला मान्यच आहे. पण तिच्या मुळाशी जाण्याची तसदी हे दुरुस्तीकार घेत नाहीत. अरबीतला ‘ज’ हिब्रूत आणि तिची प्राचीन भगिनीभाषा असलेल्या आरामीत ‘ग’ असतो: उंटाला अरबीत ‘जमल’, तर हिब्रूत ‘गामाल’. त्याच न्यायाने ‘मस्जिद’ ज्यापासून झाली तो अरबी धातू ‘स-ज-द’ म्हणजे आरामी ‘स-ग-द’, अर्थात वाकून नमन करणे. इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर इसवी सनापूर्वी 5व्या शतकात ज्यू सैनिकांची वसाहत होती. तिथे सापडलेल्या पपायरसांपैकी (लव्हाळ्याच्या कागदांपैकी) एका आरामी शपथपत्रात ‘मस्गदा’, म्हणजे नमनाची जागा, हा शब्द आलेला आहे. इस्लामच्या उदयापूर्वी हजारांहून अधिक वर्षे ज्यूंच्या कागदपत्रात असलेला शब्द माझ्या आजीच्या तोंडी आला, तर त्यात परके काय झाले? हिब्रू बायबलात हे क्रियापद मूर्तीपुढे वाकण्यासाठी येते, असा आक्षेप काही पंडित घेतात. परंतु क्रियापदाचा दोष त्यापासून झालेल्या प्रत्येक नामाला चिकटवणे हे भाषाशास्त्र नव्हे.

मुंबईत मांडवी भागात सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधलेले ‘शार हरहमीम’ हे सिनेगॉग लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’ म्हणूनच राहिले. जवळच्या मशीद स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे माझे ठाम मत आहे. ते इतर कोणत्याही मशिदीशी जोडणाऱ्यांनी या नावाचा आधी विचार करावा. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या ‘ओहेल डेव्हिड’ सिनेगॉगला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात, आणि त्यावर कोणी नाक मुरडत नाही.

मला हा शब्द आज अधिकच जवळचा वाटतो. सामूहिक प्रार्थनेला 13 वर्षांवरील 10 पुरुष लागतात. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले आणि कोकणातल्या आमच्या गावी शनिवारी ‘किती झाले?’ असे फोनवर विचारत बसावे लागते. आठच जण आले की जमण्याचे घर हे नाव बोचते; तरीही ते आठ जण तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, कपाटाकडे तोंड करून वाकतात, आणि त्या जागेला ‘मशीद’ हे नाव तेव्हाही शोभते.

तेव्हा आपण लेखात ‘बेने इस्राएलांची मशीद’ असे नि:संकोच लिहावे, आणि ती अर्थातच स्त्रीलिंगी चालवावी.