दोन बोटे नेमकी कुठे घालायची?

प्रश्न : ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या) स्पर्धेत तपासनीसांनी माझ्या घोड्याचा नोजबँड, म्हणजे नाकाभोवतीचा पट्टा, सैल करायला लावला. पट्ट्याखाली दोन बोटे जातात, हे मी स्वतः पाहिले होते. उडीच्या स्पर्धांत वर्षभर वापरलेले पेल्हॅम नावाचे बिटही (लगामाला जोडलेला, घोड्याच्या तोंडात राहणारा भाग) बदलायला सांगितले. माझे काय चुकले?

उत्तर : आपण बोटे बहुधा गालाच्या बाजूने घातली असावीत. तिथला मऊ भाग दबतो, त्यामुळे आवळलेल्या पट्ट्याखालीही बोटे शिरतात आणि पट्टा सैल असल्याचा भास होतो. नाकाच्या हाडावर मात्र दबायला काहीच नसते, म्हणून खरे माप तिथलेच. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 750 स्पर्धक घोड्यांचे नोजबँड याच जागी तपासले, तेव्हा 44 टक्के घोड्यांच्या पट्ट्याखाली मापपट्टी मुळीच गेली नाही आणि दोन बोटांची मोकळीक जेमतेम 7 टक्के घोड्यांना होती. शिवाय बोटे कोणाची, हा वाद उरतोच. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने (एफईआय) 2025 मध्ये त्यासाठी ठरावीक मापक आणला असून, तो नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली सरकवून दीड सेंटिमीटरची मोकळीक पाहिली जाते.

घोड्याने तोंड उघडले की ड्रेसाजमध्ये गुण जातात, म्हणून स्वार पट्टा आवळतात. पण बिट टोचत असल्याचे घोडा तोंड उघडूनच सांगतो. तेच बांधून टाकले तर गालाची आतली कातडी दाढांच्या कडांवर दाबली जाते आणि तक्रारही दिसत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बिटाच्या बाबतीत दोन क्रीडाप्रकारांचे नियमच निराळे आहेत. उडीच्या स्पर्धेत बिटाची निवड बरीचशी स्वारावर सोपवलेली असते. ड्रेसाजमध्ये नियमांत मान्य केलेले स्नॅफल (तरफेची दांडी नसलेले साधे बिट), किंवा ब्रिडून (बारीक स्नॅफल) आणि कर्ब (तरफेच्या दांडीचे बिट) ही दोन बिटे असलेला डबल ब्रायडल, एवढेच चालते. पेल्हॅम एकाच बिटात दोन्ही कामे करू पाहते, म्हणून ते यांपैकी कशातच बसत नाही. कर्बची दांडी तरफेसारखे काम करते आणि लगामाचा ताण वाढवून हनुवटीखाली व कानांमागे पोहोचवते, म्हणून मुखदांड्याखालची (तोंडात आडव्या राहणाऱ्या भागाखालची) तिची लांबी 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये, असा दंडक आहे. डबल ब्रायडलसोबत कॅव्हेसन, म्हणजे एकाच पट्ट्याचा साधा नोजबँडच लागतो. फ्लॅश (बिटाखालून जाणारा जादा पट्टा असलेला) किंवा ड्रॉप (बिटाखाली बांधायचा) नोजबँड फक्त स्नॅफलसोबत.

आता नवे स्नॅफल घेताना जाडीही पाहावी. मोठ्या घोड्यासाठी ती किमान 14 मिलिमीटर हवी आणि इथेही जागेचाच प्रश्न येतो : मुखदांडा मधल्या सांध्याकडे निमुळता होत जातो, त्यामुळे कॅलिपर (जाडी मोजायचे साधन) बिटाच्या टोकाच्या कडीला लागून लावावा. आयोजक संस्थेचे स्वतःचे नियम असल्यास अर्ज भरण्यापूर्वीच ते वाचून घ्यावेत.