एकटेपणा, एकाकीपणा आणि "करमत नाही"

प्रश्न असा आलाय की ज्येष्ठ नागरिक संघासाठी छोटी प्रश्नावली करायचीय, त्यात लोनलीनेसला एकटेपणा लिहायचं की एकाकीपणा, आणि रेझिलियन्सला, म्हणजे धक्का बसल्यावर पुन्हा उभं राहण्याला, मराठीत काय म्हणायचं.

एकटा म्हणजे घरात दुसरं कोणी नाही, एवढंच. एकाकी हे मनाचं, भरल्या घरातही माणूस एकाकी असतो. पण हा फरक मराठीतला बरं का, संस्कृतात एकाकी म्हणजे साधं एकटा. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगी एकाकी बसून ध्यान करतो, त्यात दुःखाचा मागमूस नाही, आपल्याकडे येऊन तो शब्द उदास झाला. तेव्हा अर्थ बघितला तर एकाकीपणा बरोबर, तरीही मी प्रश्नावलीत दोन्ही घालणार नाही.

माझी मावशी सांगली जिल्ह्यात असते, काका गेल्यापासून एकटीच. एकदा विचारलं, एकटं वाटतं का गं, तर तिला रागच आला. "एकटी कशानं? दोन पोरं हायत, सुना हायत, नातवंडं हायत." तिला तो पोरांवरचा ठपका वाटला. आणि तीच मावशी दहा मिनिटांनी वाती वळता वळता म्हणाली, "दुपारचं करमत न्हाई बघ." डबा गच्च भरलाय, पुढच्या श्रावणापर्यंत पुरतील इतक्या वाती झाल्यात, तरी वळतेच आहे.

करमणे या क्रियापदाची खुबी व्याकरणात आहे. "मी करमत नाही" असं होत नाही, "मला करमत नाही" असंच म्हणावं लागतं, म्हणजे करणारा कोणीच नाही, मग दोष तरी कुणाला लागणार, म्हणून म्हातारी माणसं हे मोकळेपणी बोलतात. करमणूक हे याचंच नाम, ह. ना. आपट्यांनी 1890 मध्ये काढलेल्या साप्ताहिकाचं नावच ते होतं. आज करमणूक म्हटलं की टीव्ही आठवतो, पण दिवसभर टीव्ही चालू असतो आणि तरी करमत नाही, हे वाक्य आपल्याला जराही खटकत नाही.

अमेरिकेतली लोनलीनेस मोजायची प्रसिद्ध प्रश्नावली आहे, तिचं 2004 चं तीन प्रश्नांचं रूप बघा, त्यातही लोन्ली हा शब्द नाहीच. सोबतीची उणीव भासते का, वगळल्यासारखं वाटतं का, इतरांपासून तुटल्यासारखं वाटतं का, असं विचारतात.

रेझिलियन्सला लवचीकता नका लिहू, ती कमरेची असते. नाम हवं तर उभारी, पण खरा शब्द सावरणे. तोल सावरतो, पदर सावरतो, तशी माणसंही सावरतात, आणि तोल गेला होता हे त्या शब्दातच कबूल केलेलं असतं. "आता सावरलात का?" हे कुणालाही कळेल.

आणि करमतं का असं नुसतं विचारू नका, वेळ धरून विचारा. दुपारी जेवणं झाल्यावर करमतं का, दिवेलागणीला करमतं का. मावशीचं उत्तर दोन्ही वेळचं वेगळं येतं, संध्याकाळी तिच्या दारात भाजीवाली टेकते ना.