पावसाळ्यात ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावी की आयबुप्रोफेन?

पॅरासिटामॉलच घ्या, मुंबईतल्या पावसाळ्यात डेंग्यू नाही हे रक्त तपासून कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांना हात लावू नका. तापात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचं रसायन वाढतं, शरीराचा थर्मोस्टॅट वर सरकतो (म्हणूनच अंग तापलेलं असूनही हुडहुडी भरते). ही सगळीच औषधं ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. पण आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं प्लेटलेटचं (रक्त गोठवणाऱ्या पेशींचं) काम बिघडवतात, जठराचं अस्तरही दुखावतात. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घसरतात, वर हे. मग रक्तस्रावाची भीती.

मोठ्यांना ६५० मिग्रॅ, दोन गोळ्यांत ६ तासांचं अंतर, दिवसाला ४ पुरे. मुलांना वजनावर: एका वेळी किलोला १५ मिग्रॅ. १२ किलोच्या मुलाला १८० मिग्रॅ, म्हणजे ५ मिलीत १२० मिग्रॅ असलेलं सिरप ७.५ मिली, २५० वालं असेल तर जेमतेम ३.६ मिली. बाटलीवरचा आकडा बघा, घोळ तिथेच होतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा. यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर मात्र हा डोस नको, आधी डॉक्टरांना विचारा.