पाळी जायच्या वयात वाफा येतात म्हणून पिशवी काढावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडे गावी असते, वय 47, चार महिने पाळी नाही, रात्री घामाने जाग येते, आणि शेजारच्या बायका म्हणतात, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल."

या कारणासाठी पिशवी (गर्भाशय) काढू नका. वाफा, म्हणजे अचानक अंग तापून घाम फुटणं, पिशवीतून येतच नाहीत. अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी-जास्त होऊ लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरा उबलं तरी ते घाम काढून गार करायला धावतं. चेहरा-छाती तापते, धडधडतं, चार-पाच मिनिटांत ओसरतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर वर्षानुवर्षं सावकाश होणारा बदल एका दिवसात होतो. वाफा वाढतात, हाडंही लवकर ठिसूळ होतात.

पाळी गेली असं सलग 12 महिने न आल्यावरच म्हणायचं. तोवर दिवस राहू शकतात, म्हणून आधी कार्डावर लघवीची तपासणी करा. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची 2 वर्षं गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. हे कुणी सांगत नाही. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा, कारण थायरॉइड बिघडला तरी घाम आणि धडधड होते. एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) तपासण्यावर पैसे घालवू नका. या काळात तो सारखा वरखाली होतो.

जाड वाकळेऐवजी दोन पातळ सुती चादरी द्या, म्हणजे एक सारता येते. संध्याकाळनंतर चहा नको. मिश्री लावत असतील (निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात विचारायलाच हवं) तर निदान झोपण्याआधीची बंद करा, निकोटिनने झोप मोडते. हाडांसाठी रोज 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं: 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350, 250 मिली दुधात 300च्या आसपास. गोळ्या दिल्या तर लोहाची आणि कॅल्शियमची एकदम घेऊ नये, लोह नीट शोषलं जात नाही.

एवढ्यानं झोप लागत नसेल तर हार्मोनचे उपचार सर्वांत गुणकारी. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर पिशवीचं अस्तर जाड होऊन कॅन्सरचा धोका वाढतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशांना सहसा बिगर-हार्मोनची औषधं देतात. नुसता कोरडेपणा, जळजळ असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम पुरतं: सहसा दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. बायका लाजून हे बोलत नाहीत, तुम्हीच विषय काढा.

दवाखान्यात पाळीच्या तारखा लिहून न्या. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर पाळीला 'मुट्टु' म्हणतात.

तासाला पॅड भिजत असेल, किंवा 12 महिने कोरडे गेल्यावर ठिपकाभर जरी लाल गेलं, तर "पाळी परत आली" म्हणून थांबू नका. सोनोग्राफी करा. पाळी गेल्यानंतरच्या अशा रक्तस्रावात अस्तर 4 मिलिमीटरहून जाड दिसलं तर त्याचा तुकडा तपासायला पाठवतात. पिशवी काढायची की नाही, हा प्रश्न तो अहवाल हातात आल्यावरचा.